अत्याचार सोसलेल्या बाईचा ‘धंदा’: दुसरा शब्द सुचवा

पानगळ
नागपुरातल्या एका संस्थेसाठी पुस्तिका मराठीत करते आहे. वाचणार आहेत गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बचत गटांतल्या ताया. विषय असा, की युद्ध किंवा यादवी झालेल्या देशांत बलात्कारासारखे अत्याचार सोसलेल्या बायका पुन्हा कमावत्या कशा झाल्या. एक प्रकरण काँगोचं आहे. बुकावूला डॉ. डेनिस मुकवेगे यांनी 1999 साली पांझी रुग्णालय सुरू केलं. (2018 चं शांततेचं नोबेल त्यांना आणि इराकच्या नादिया मुराद यांना मिळून मिळालं.) तिथे शस्त्रक्रिया झाली की बाईला तशीच गावी धाडत नाहीत. लिहाय-वाचायला शिकवतात, शिवणकाम, टोपल्या विणणं शिकवतात, बचत गटात घेतात. नवरा घरात घेईलच असं नसतं, आणि शेतावर जायची वाट बंदूकवाल्यांच्या ताब्यात.

मी लिहिलं, ‘या बायकांना छोटा धंदा सुरू करून दिला जातो.’ कच्चा मजकूर वाचताना एका ताईंनी तिथेच बोट ठेवलं. म्हणाल्या, “मॅडम, हे तर त्या बायकांले धंद्याले लावल्यासारखं वाटते.” ‘व्यवसाय’ म्हणावं तर त्याच्या मागे ‘वेश्या’ लागतंच. ‘उद्योग’ म्हणावं तर ‘हिचे उद्योग माहीत आहेत’. काय घालू?

बर्डीवाला
धंदा तो धंदाच. आमचं बर्डीवर दुकान आहे. बाबा गेल्यावर आई गल्ल्यावर बसायची आणि ‘आमचा कापडाचा धंदा आहे’ असं कुणालाही ठणकावून सांगायची. चार टवाळांनी शब्द नासवला म्हणून आपण तो टाकून द्यायचा का?

इतवारीची
‘आमचा कापडाचा धंदा’ म्हणायच्या ना? ‘मी धंदा करते’ असं कधी म्हणाल्या का? ‘तो धंदा करतो’ आणि ‘ती धंदा करते’ एकापाठोपाठ म्हणून बघा. मी इतवारीत वाढले, गंगाजमुना ही वेश्यावस्ती हाकेच्या अंतरावर. आमच्या वर्गातल्या एकीच्या आईची तर्री-पोह्याची गाडी होती. तिनं फॉर्मवर ‘आई: धंदा’ लिहिलं, तर बाईंनी ते खोडून ‘गृहिणी’ केलं. गाडी पहाटेपासून उभी, आणि बाई गृहिणी!

तिखट सावजी
‘कामधंदा’ लिहा न जी. ‘पोट्टी कामधंद्याले लागली’ म्हनलं तं कोनी तोंड वाकडं करत नाही. समोर ‘काम’ लागलं का शब्द धुवून निघते.

जुना मास्तर
‘काम’चा दुसरा अर्थ सांगायला हवा का? असो. ‘धंदा’ हा ‘द्वंद्व’पासून आला असं माझं जुनं मत आहे. मुळात झुंज. त्या अर्थानं या बायकांना तो शोभतोच. पण पुस्तिकेत ‘उपजीविका’ लिहावं. शुद्ध आहे, निर्मळ आहे.

तिखट सावजी
निर्मळ आहे, पन कोनाच्या तोंडात आहे? ‘ताई, तुमची उपजीविका काय’ असं इचारलं तं ताई आधारकार्ड काढन.

इतवारीची
सरकारनंही ‘उपजीविका’ला बगल दिलीये. ‘उमेद’चं पूर्ण नाव ‘महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान’. उच्चारून दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक प्लेट सावजी. त्यापेक्षा 1975 चं ‘महिला आर्थिक विकास महामंडळ’ बरं, निदान कळतं तरी. ‘सक्षमीकरण’, ‘सबलीकरण’ ही पिलावळ नंतरची.

जुना मास्तर
‘सबलीकरण’ त्याज्यच, कारण त्यात ‘तू अबला होतीस’ हे गृहीत धरलेलं आहे. ‘सक्षम’चं तसं नाही. ‘क्षम्’ म्हणजे सोसणे. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात.

इतवारीची
म्हणजे जिनं एवढं सोसलं तिला आणखी सोसायला तयार करणं हे सक्षमीकरण? सर, तुमच्या व्युत्पत्तीनं घात केला.

नदीकाठ
शीर्षकात ‘सोसलेल्या’ आहे, तेही मला खटकलं. ‘पीडिता’ नको हे मान्य. पण ‘सोसणं’ हे तिच्यावर काय झालं एवढंच सांगतं. त्यातून ती बाहेर आली, त्याला काय म्हणाल?

बर्डीवाला
वाचलेली.

नदीकाठ
‘वाचलेल्या महिलांची यादी’ म्हटलं तर ग्रंथालयाची वाटेल. शिवाय वाचवणारा दुसराच कोणीतरी असतो. ‘तगलेली’ कसं वाटतं?

जुना मास्तर
तगतं ते रोप.

पानगळ
याच्यावरून सांगते. इराकनं मार्च 2021 मध्ये आयसिसच्या तावडीतून सुटलेल्या, यझिदी या अल्पसंख्य समाजातल्या बायकांसाठी कायदा केला. दरमहा भत्ता, जमिनीचा किंवा घराचा हक्क, सरकारी नोकऱ्यांत 2 टक्के जागा. त्याच्या अरबी नावातच ‘नाजियात’ आहे, म्हणजे निसटून सुटलेल्या. कायद्याच्या नावात त्यांनी ‘बळी’ ठेवला नाही, हे मला आवडलं. आपल्याकडची 2013 ची ‘मनोधैर्य’ योजना बघा. नाव किती चांगलं, पण आतल्या कागदांत पुन्हा ‘पीडित महिला’च.

नदीकाठ
नाव चांगलं दिलं की काम झालं असं मात्र समजू नका. बांगलादेशात 1971 च्या युद्धात ज्यांच्यावर बलात्कार झाले त्यांना सरकारनं ‘वीरांगना’ म्हटलं. हेतू मानाचा. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणजे ‘बीरांगना’. लोकांनी वेलांटीच्या जागी काना घालून ‘बारांगना’ केलं. आपली ‘वारांगना’च ती, म्हणजे वेश्या. पुनर्वसन केंद्रांत शिवण, हस्तकला शिकवल्या, पण कित्येकींनी तो किताब आयुष्यभर लपवला. पुढे 2015 मध्ये काहीजणींना मुक्तियोद्धा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा त्या दर्जाचा भत्ताही लागू झाला. त्या बायका ज्या शब्दाआड सुखानं बसू शकल्या तो शब्द पुरुषांसाठीही होता. म्हणून मी म्हणते, फक्त बाईसाठी वेगळा शब्द घडवूच नका. घडवला की तो नासतोच.

इतवारीची
हे पटलं. ‘गडी’ आणि ‘मोलकरीण’ बघा. दोघं तेच काम करतात, पण ‘काय गडी आहे!’ हे कौतुक असतं.

बर्डीवाला
मग माझंच खरं ठरलं की. पुरुषाला धंदा, तर बाईलाही धंदा.

इतवारीची
पुस्तिका तुमच्या दुकानात नाही वाचायची भाऊ, गावात वाचायचीये. तिथं ती बाई आधीच बदनामीतून जाऊन आलेली असते. शब्द सुधारायचं काम तिच्या खांद्यावर का? तुम्ही सुधारा, गल्ल्यावर बसून.

तिखट सावजी
माह्या आजीनं लय सोपं ठेवलं होतं. ‘चार पैसे तिच्या हाती आले.’ धंदा नाही, व्यवसाय नाही, सक्षमबिक्षम नाही. पैसे हाती आले का घरात आवाज येते.

जुना मास्तर
हा वाक्प्रचार झाला. मागितला आहे शब्द. नाम हवे.

नदीकाठ
नुसते पैसे हाती येऊन भागत नाही, जमीन कोणाच्या नावावर आहे हेही आलंच. रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर विधवा आणि मुलींच्या हाती घरं आली, पण रूढीनं जमीन पुरुषांकडेच. 1999 च्या कायद्यानं मुलींना वारसा मिळाला. आपल्याकडे शेतकरी संघटनेची ‘लक्ष्मीमुक्ती’ होती, नवऱ्यानं जमीन बायकोच्या नावे करायची. ‘मुक्ती’ काय वाईट आहे?

जुना मास्तर
‘मुक्ती मिळाली’ हे आपण केव्हा म्हणतो, आठवा.

पानगळ
मजकूर छपाईला जायचाय हो! ‘कामधंदा’वर कोणाची हरकत? पुढच्या प्रकरणात नायजर आहे. तिथे 1991 मध्ये केअर संस्थेनं बायकांचे बचतीचे गट सुरू केले. पैसे लोखंडी पेटीत, पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे, वर्षाअखेरी वाटप. त्याला ‘बचत गट’ म्हणू की आणखी काही? आपल्या गटांचं बँकेत खातं असतं, कर्ज मिळतं. यांची सुरुवात बँकेशिवायच झाली.

तिखट सावजी
हे तं बिशी झाली.

पानगळ
नाही, भिशीत दर महिन्याला एकीलाच सगळी रक्कम मिळते. इथे पैसा पेटीतून व्याजानं फिरतो आणि व्याज सगळ्यांत वाटलं जातं.

बर्डीवाला
बिशी म्हणजे विसाजणांची. बीसवरून बिशी.

इतवारीची
आमच्या गल्लीत बाराजणींची होती. तिला कोणी ‘बारशी’ म्हणत नव्हतं.

जुना मास्तर
त्यासाठी वेगळा धागा काढावा. आणि ‘बिशी’ नव्हे, ‘भिशी’.

तिखट सावजी
नागपुरात बिशीच.