शटर ओढल्यावर तुम्ही काय करता?

काल कपाट आवरताना जुनी हिशेबाची वही सापडली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात, 'पगार कुठून?' वेळ टाकलीय रात्री पावणेतीन. धंद्याचं दुसरं वर्ष होतं. मुलगी शाळेतलं काही सांगत असायची आणि मी मान हलवत मनात वसुलीची यादी फिरवायचो. हल्ली दुकानातून घरी पायी येतो, वीस मिनिटं, फोन पिशवीत. दिवस तेवढ्यात थोडा सुटतो. तुमचं काय? खरं लिहा.

—

पार्लर आहे. दिवसभर लोकांचं ऐकते. घरी पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही. नवरा आधी चिडायचा, आता तोच टीव्ही बारीक करतो.

—

'पगार कुठून' वाचून पोटात कालवलं. नंतर लिहिते, गिऱ्हाईक आलंय.

—

झोपेसाठी सांगतो. २०१८ साली एक प्रयोग छापून आला होता, ५७ जणांवर. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं आधी झोपले. यादी बारीक हवी. नुसतं 'वसुली' नको, 'अकराला अमक्याला फोन' असं. मी वर्षभर करतोय, रात्री उठून फोन चाळणं थांबलं.

—

मी दोन पेग घ्यायचो. झोप लागायची पण तीनला टक्क जाग. वाटायचं टेन्शन. डॉक्टर म्हणाले, दारूने डोळा लवकर लागतो पण पुढची झोप मोडते. सहा महिने झाले, बंद.

—

दादा, सहा महिने थोडे नाहीत. लिहिलंत ते फार बरं केलंत.

—

गिऱ्हाइकांचं शिवून झालं की मी भाचीचे फ्रॉक शिवते. तेच मशीन, पण घाई नसते. कुणाच्या मशीनचा पट्टा सारखा सुटतो का हो?

—

मला फिरून, लिहून काही झालं नाही. दुकान उघडायलाच नको वाटायचं, जेवण जाईना. महिना काढला असाच. मग बायकोने ओढत नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन आठवडे रोज असं राहिलं की थांबायचं नाही, दाखवायचं. गोळ्या आणि बोलणं, दोन्ही चालू आहे. दुकानही चालू आहे.

—

गिऱ्हाईक गेलं. वरचं वाचून रडले, माझ्या भावाला आजच पाठवते हे. आणि ताई, पट्टा चामड्याचा असेल तर सैल झालाय. थोडा कापून पुन्हा तार लावा.