नवीन पुस्तकं शोधायची कशी? कादंबरी, रहस्यकथा आणि युद्धाचा इतिहास, तिन्ही पायजेत

अपडाऊन_सेलू

नमस्कार मंडळी. सेलू-परभणी रोज अपडाऊन करतो, गाडीत वेळ भरपूर मिळतो आणि मोबाईल बघून बघून डोकं भणभणायलंय म्हणून परत पुस्तकाकडं वळलो. माझं असंय की मला एका विषयावर थांबवत नाही. कादंबरी आवडते, रहस्यकथा तर लई आवडते, आणि हल्ली युद्धाच्या इतिहासाचा नाद लागलाय, म्हणजे लढाई कुठं झाली, तोफा कुठं लावल्या, रसद कुणी तोडली असलं काही हातात आलं की स्टेशन कधी आलं ते कळत नाही. पण नवीन पुस्तक सापडायचं कसं तेच कळंना. आमच्याकडं पुस्तकाचं दुकान म्हणजे निस्ते गाईड, पोलीस भरती, तलाठी, आणि कोपऱ्यात श्रीमंत कसं व्हावं टाईप दोन रांगा (लिहिणारे झाले असतील श्रीमंत). ऑनलाईन बघावं तर एक ऐतिहासिक कादंबरी घेतली की पुढं तीच ती पाच-सहा नावं फिरवून फिरवून दाखवायलंय, जी प्रत्येकाच्या घरी लग्नात आहेर म्हणून आलेली असतात. तर विचारायचं एवढंच की तुम्ही लोक शोधता कसं? यादी नको, याद्या ढीगभर आहेत, रीत सांगा. इंग्रजी वाचतो पण हळू.

तोफखाना_भोकरदन

भौ, विषय धरून शोधणं सोड, गाव धरून शोध. मी तेच करतो आणि मला अजून पुस्तकाचा दुष्काळ पडला नाही.

आता तू सेलूचा. तुझ्या शेजारचं परतूर, जुन्या कागदात पडदूर, तिथं १७६० साली उदगीरला निजामाला हरवल्यावर पेशव्यांची फौज होती, आणि तिथूनच मार्च महिन्यात सदाशिवरावभाऊ उत्तरेला निघाले ते पुढल्या जानेवारीत पानिपतावर. म्हणजे पानिपतची सुरुवात तुझ्या अलीकडच्या स्टेशनवरून झाली. हे एकदा डोक्यात बसलं की उदगीरची लढाई, निजामाचा तोफखाना, इब्राहिमखान गारदी, एकातून एक निघतच राहतं.

आमच्याकडचं उदाहरण देतो. जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३, एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हातारपणी त्याला विचारलं की तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कोणती, तर त्यानं वॉटर्लूचं नाव नाही घेतलं, असईचं घेतलं! आणि ही लढाई रहस्यकथावाल्यानं का वाचावी ते सांगतो. केळणा नदी आडवी, पलीकडं मराठ्यांच्या तोफा, आणि वाटाडे म्हणायलेत की तिकडं खाली नदीला उतार, म्हणजे पाण्यातून पलीकडं जायची जागा, नाहीच. वेलस्लीनं बघितलं की नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत. म्हणला दोन गावं अशी समोरासमोर वसतात म्हणजे मधून येणंजाणं असणारच की. माणूस पाठवून बघितलं तर उतार होता. तिथूनच फौज पलीकडं काढली. आता हे डिटेक्टिवचं काम नाही तर काय आहे? मी केळणेच्या काठावर लहानाचा मोठा झालो पण हे शाळेत कुणीच सांगितलं नाही. तरीपण त्याचे दीड हजाराच्या वर लोक मेले-जखमी झाले, कारण शिंद्यांच्या गोलंदाजांनी सोडलं नाही, इंग्रज तोफा ओलांडून पुढं गेले तर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा मागनं त्यांच्यावर चालवल्या.

आता गंमत बघ. ह्याच लढाईवर बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या इंग्रज लेखकाची अख्खी कादंबरी आहे, शार्प्स ट्रायम्फ, तिचा नायक शार्प असईच्या रणात आहे. कादंबरी पण झाली, युद्ध पण झालं आणि गाव पण आपलं. मागं लेखकाची टीप असते, खरं काय आणि मी पदरचं घातलेलं काय ते तो स्वतःच सांगतो. मी असली पुस्तकं आधी मागून उघडतो. पुढची कादंबरी गाविलगडावर आहे, तो तर विदर्भातच.

झुंजारभक्त_नांदेड

वा तोफखाना, नदीचा उतार आवडला. मी रहस्यकथेचं सांगतो, बाकी युद्धबिद्ध माझा प्रांत नाही.

आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक. एका माणसानं हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, आणि आम्ही त्या एसटी स्टँडवरच्या भाड्याच्या लायब्ररीतून आणून रात्रीत संपवायचो कारण दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली नाही तर भाडं वाढायचं. आता ते दुकान गेलं, तिथं मोबाईलचे कव्हर मिळतात. मग सुहास शिरवळकर आले, त्यांचे नायक दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास. तरुण पोरांना शिरवळकर म्हणलं की कॉलेजकट्ट्याची एकच कादंबरी माहिती असते, पिक्चर निघाला म्हणून, पण त्यांनी रहस्यकथा किती लिहिल्यात ते बघा एकदा.

रीत विचारली ना बाळा तू, तर माझी रीत अशी की मी अनुवादकाच्या नावावरून पुस्तक उचलतो. लेखक परका असला तरी मराठी ज्याच्या हातची चांगली लागली त्याची बाकीची पुस्तकं शोधायची. अशोक जैनांनी सत्यजित राय यांच्या फेलूदा ह्या डिटेक्टिवच्या कथा मराठीत आणल्या, हाताला हलक्या, तुझ्या सेलू-परभणीला एकदम बरोबर. आणि तोफखान्याच्या गाव-थिअरीला माझ्याकडून पण एक घ्या: फेलूदाची एक कथा चक्क वेरूळची आहे! मूर्तीचोरीचं प्रकरण, भुवनेश्वरच्या देवळातल्या यक्षीचं मुंडकं गायब होतं आणि माग काढत काढत फेलूदा आणि त्याचे साथीदार तोपशे आणि जटायू वेरूळच्या कैलास लेण्यात येतात. बंगाली माणसानं आपल्या लेण्यात डिटेक्टिव फिरवला आणि आपण तिथं निस्ते सेल्फी काढायलोत.

मामा तोरडमलांनी, हो तेच नाटकवाले, अगाथा ख्रिस्ती मराठीत केली आहे. ती पण बघ. आणि दिवाळी अंक सोडू नको. धनंजयसारखा अंक रहस्य, भय, विज्ञानकथा यांच्यासाठीच घेतात लोक. नवीन लेखक पहिल्यांदा तिथंच भेटतो, एक कथा आवडली की नाव लिहून ठेवायचं. दिवाळी झाल्यावर दोनेक महिन्यांनी हेच अंक निम्म्या किमतीत मिळतात, मी तेव्हाच घेतो, कथा काय शिळी होत नाही.

पुराव्यानिशी

गाव धरून शोधायची कल्पना चांगली आहे पण एक सांगतो, रागावू नका. कादंबरी वाचून इतिहास वाचला असं समजू नका. असईचंच घ्या, त्या कादंबरीत आपण इंग्रज सार्जंटच्या डोळ्यांनी बघतो. शिंद्यांची ती कवायती पायदळं कुणी उभी केली, त्यांचा सेनापती पोलमन हा हॅनोवरचा जर्मन तिथं काय करत होता, शिपाई कुठल्या गावचे, हे तिथं ओझरतं येतं. मेल्याचं सोंग घेतलेल्या गोलंदाजांचं नाव-गाव कुणाला माहितेय?

माझी रीत साधी आहे. एक चांगलं इतिहासाचं पुस्तक घ्यायचं आणि शेवटची संदर्भसूची फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवायची. त्यात जे नाव दोन-तीन वेगवेगळ्या पुस्तकांत परत परत दिसतं ते पुढचं पुस्तक. पानिपतावर कुठूनही सुरुवात करा, शेवटी इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांपाशीच पोचता, हे मी असंच शोधलं. सेतुमाधवराव पगडी तर आपल्या निलंग्याचे, फारसी कागद मराठीत आणणारा माणूस, गॅझेटियरचं, म्हणजे सरकारनं काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथाचं, काम पण केलेलं. जिल्ह्याचं गॅझेटियर कुणी उघडत नाही पण इतिहासाचं प्रकरण वाचा, किल्ल्यांच्या आणि लढायांच्या नोंदींनी भरलेलं असतं. साहित्य संस्कृती मंडळाच्या साईटवर कितीतरी पुस्तकं फुकट उतरवता येतात.

आणि मराठवाड्यात युद्ध म्हणलं की १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. दरवर्षी झेंडा होतो, भाषण होतं, पण १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला, पाच दिवसांत निजामानं हात टेकले, ही लष्करी बाजू किती जणांनी वाचली आहे? अनंत भालेरावांचं हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरचं पुस्तक, नरहर कुरुंदकरांचं लेखन, आणि मग कारवाईनंतर काय झालं त्यावरचा सुंदरलाल समितीचा अहवाल, जो कित्येक वर्ष दाबूनच ठेवला होता. तिन्ही वाचा, एकच वाचून व्हॉट्सॲपवर भांडू नका.

तोफखाना_भोकरदन

@पुराव्यानिशी रागवायचं काय त्यात, बरोबरच आहे तुमचं. पण कादंबरीनं भूक लागते राव. मला जर कुणी आधी गॅझेटियर दिलं असतं तर मी आजपण क्रिकेटच बघत बसलो असतो.

कपाटवाली_ताई

मी लातूर जिल्ह्यात एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. सगळं वाचलं आणि हसू आलं, ऑनलाईन, फोटो, पीडीएफ सगळं आहे पण ग्रंथालयाचं नाव कुणीच घेतलं नाही. अहो दादा, सेलू-परभणीकडं ग्रंथालयं आहेत की.

आमच्यासारख्या ग्रंथालयात कपाटं ठरलेली असतात: कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, इतिहास, संकीर्ण. युद्धाचं असं वेगळं कपाट नसतं, म्हणून लोक इतिहासात बघतात आणि काही नाही म्हणून जातात. पण जवानांची, सेनाधिकाऱ्यांची आत्मकथनं चरित्रात असतात. हिटलर-चर्चिल चरित्रात. अणुबॉम्बच्या इतिहासाचं एक फार सुंदर मराठी पुस्तक आहे, बाराला दहा कमी, पद्मजा फाटक आणि माधव नेरूरकर यांचं, ते आमच्याकडं विज्ञानात लावलंय, तिथं कोण जातंय? वि. ग. कानिटकरांचं नाझी भस्मासुराचा उदयास्त इतिहासात, आणि कुणीतरी वि. स. वाळिंब्यांचं वॉर्सा ते हिरोशिमा संकीर्णमध्ये टाकलेलं. जिल्हा ग्रंथालयात किंवा कॉलेजात दशांश वर्गीकरण असेल तर ३५५ म्हणजे सैन्य आणि युद्धशास्त्र, ९४० खाली दुसरं महायुद्ध, ९५४ ला भारताचा इतिहास, हे आकडे लिहून ठेवा, शोधायला सोपं जातं.

दुसरं, पुस्तकाच्या आत शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती बघत जा. पानभर शिक्के असतील तर पुस्तक चालतंय. मला मात्र ती पुस्तकं खुणावतात ज्यांच्या चिठ्ठीवर वीसेक वर्षांपूर्वीचे आठ-दहा शिक्के आहेत आणि मग एकदम काहीच नाही. म्हणजे वाचणाऱ्यांना आवडलेलं, फक्त मागं पडलेलं. असं मी बरंच काही वाचलं. आणि निवृत्त मास्तर लोक जाताना आपला संग्रह ग्रंथालयाला देतात, ते गठ्ठे कधी कधी नोंदवायचे राहिलेले असतात. ग्रंथपालाला गोड बोलून विचारा, देणगीतलं काही आहे का म्हणून. नवीन हवं असेल तर मागणीच्या वहीत नाव लिहा, अनुदान आलं की आम्ही खरेदी करतो तेव्हा ती वही आम्ही उघडतोच, कारण नाहीतर काय घ्यावं हा आम्हालाच प्रश्न असतो.

अपडाऊन_सेलू

बापरे, मी एवढं अपेक्षितच केलं नव्हतं. परतूरचं खरंच माहिती नव्हतं, कितीदा गेलोय तिकडं. ताई, उद्याच चरित्राच्या कपाटात घुसतो. फेलूदापासून सुरुवात करतो, वेरूळवाली कथा आधी. एक अडचण राहिली, ते शार्प इंग्रजीत आहे आणि मला इंग्रजी लढाईचे शब्द जड जातात. तोपर्यंत मराठीत असं एखादं सांगा ना ज्यात लढाई पण आहे आणि कादंबरीसारखं पुढं पुढं ओढत नेतं, पण खरं आहे. पुराव्यानिशी साहेब खवळू नयेत असं.

पुराव्यानिशी

खवळत नाही. विष्णुभट गोडसे, माझा प्रवास. वरसईचा गरीब भिक्षुक, कर्ज फिटावं म्हणून यज्ञाची दक्षिणा मिळवायला काकाबरोबर उत्तरेला निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हा शहराच्या आत होता. तोफेचे गोळे कसे पडायचे, इंग्रज आत शिरल्यावर काय झालं, जीव कसा वाचवला, सगळं स्वतः बघितलेलं. घरी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी आठवणीतून लिहिलंय म्हणून तारखा जपून घ्यायच्या, पण डोळा पक्का. पुस्तक १९०७ चं आहे, पीडीएफ सहज मिळेल. आणि रहस्यकथेची सवय असलेल्याला आवडेल असं आधुनिक काही हवं असेल तर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं १९६२ च्या पराभवावरचं, न सांगण्याजोगी गोष्ट. कोण हरलं ते आपल्याला आधीच माहिती असतं, तरी कुणामुळं, कधीपासून, कोणत्या बैठकीत, हे उलगडत जातं.

झुंजारभक्त_नांदेड

पित्रेंचं मी पण वाचीन मग, खून माहिती आहे आणि खुनी शोधायचा आहे म्हणल्यावर आमचाच प्रांत की तो. ताई, तुमच्याकडं अर्नाळकर आहेत का हो? झुंजारची जुनी कुठलीपण चालेल, मुखपृष्ठ फाटकं असलं तरी.

कपाटवाली_ताई

काका आहेत, पण पानं इतकी पिवळी झालीत की उलटताना तुकडे पडतात, म्हणून घरी देत नाही. इथं बसून वाचायचं असेल तर या, दुपारी पंखा आणि खुर्ची दोन्ही रिकामं असतं.