मदत हवी आहे: खणाच्या पोलक्याची बाही मुंढ्यात बसेना

भाचीसाठी परकर-पोलकं शिवायला घेतलंय. पोलकं गुळेदगुड्डच्या खणाचं, आत सुती अस्तर. परकर झाला, गळा झाला, बाजूच्या शिवणी झाल्या आणि बाहीपाशी गाडी अडली. उजवी बाही दोनदा उसवली. आता तिसऱ्यांदा उसवायची हिंमत नाही, कारण खणाचे दसे निघायला लागलेत आणि शिवणीला ठेवलेलं अर्धा इंच कापड पाव इंचावर आलंय.

मुंढा (पोलक्याला बाही जोडायची खांदा-काखेची गोलाई) टेपने गोल मोजला तर १३ इंच भरतो, बाहीचा गोलवा (मुंढ्याला जोडायची तिची वरची गोल कड) साडेचौदा. हा दीड इंच जिरवायचा कुठे? टाचण्या लावल्या की सगळं शहाण्यासारखं बसतं, मशीनखाली गेलं की खांद्यावर चुण्या. फुगा बाही करायची नाहीये, साधीच हवी. (भाचीची ताकीद आहे, फुगा म्हणजे ‘बाळांचा’!)

काठ बाहीच्या खाली घेतलाय, त्यामुळे खालून काही कापता येत नाही. गोलवा वरून पाव इंच उतरवला तर चालेल का, की काखेत ओढेल? की मुंढाच थोडा खाली कोरू? आई म्हणते, गोलव्याला हाताने धावदोरा घालून दोरा ओढून घे. सुती कापडावर जमतं ते, पण खणासारख्या कडक कापडावर कुणी केलंय का?

आणि बाजूची शिवण उसवून बाही आधी सपाट जोडणं सोपं पडेल का? डावी बाही अजून नुसती कापून ठेवलीय, तिला हात लावलेला नाही.