नाशकात आपल्या माणसांना फुलं पाठवलीत? अनुभव लिहा

पंचवटीची लेक
मूळची पंचवटीची, नोकरीमुळे बंगळूरला. आईबाबा गंगापूर रोडला. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, कुणाचं ऑपरेशन, कुणाचा निकाल, अशा वेळी इथून फुलं पाठवायची असतात आणि दर वेळी तीच पंचाईत. कुणाला सांगायचं, काय सांगायचं, आणि तिकडे दारात नक्की काय पोचलं ते कसं कळायचं?

मोगलांच्या काळात ज्याला गुलशनाबाद म्हणत त्या गावात फुलं घरपोच येणं काही नवीन नाही. आमच्या वाड्यात सकाळी दाराच्या कडीला पुडी अडकवलेली असायची: जास्वंद, दूर्वा, चार झेंडू, तुळस. बुके आणि वेबसाइटी नंतर आल्या. म्हणून दोन्ही प्रकारचे अनुभव हवे आहेत. कुठली फुलं पाठवलीत, पोचवली कुणी, घेणारा काय म्हणाला. दुकानांची नावं आणि फोन नंबर मात्र नकोत, नाहीतर इथे जाहिराती सुरू होतील. फसवणूक झाली असेल तरी नाव न घेता लिहा.

सिडकोकर
बहिणीसाठी एका मोठ्या वेबसाइटवरून लाल गुलाबांचा गुच्छ मागवला होता. फोटोत नुसते गुलाब. पोचला तेव्हा गुलाब मोजकेच, मध्ये जरबेरा आणि बाकी सगळी हिरवळ. तक्रार केल्यावर उत्तर आलं की उपलब्धतेनुसार फुलं बदलू शकतात, तसं अटींमध्ये लिहिलेलं आहे. होतं खरं, मुंगीच्या अक्षरात.

नंतर इथल्याच एका फुलवाल्याशी बोलताना सगळी साखळी कळली. या साइटी स्वतः फुलं बांधत नाहीत. तुमची ऑर्डर गावातल्या कुठल्यातरी दुकानाकडे जाते, मधलं कमिशन कापून. उरलेल्या पैशांत दुकानदाराला बुके, कागद, रिबन, पेट्रोल आणि पोऱ्याचा पगार बसवायचा असतो. मग तो हिरवळ वाढवतो. तेव्हापासून थेट दुकानात फोन, यूपीआयने पैसे आणि गाडी निघायच्या आधी व्हॉट्सॲपवर फोटो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

सिडकोत पाठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. एन-४२ वगैरे पत्ता अचूक लिहिला तरी पोरगा त्रिमूर्ती चौकात उभा राहून फोन करतोच. जवळचं मंदिर, शाळा, पिठाची गिरणी, काहीतरी खूण द्याच.

मिसळपाववाली
आईला पंच्याहत्तरीला मोठा बुके पाठवला. पहिलं वाक्य, "केवढ्याला पडला?" दुसरं, "एवढ्यात महिनाभर देवाला फुलं झाली असती." तिसऱ्या वाक्यापर्यंत बुके सोडवून झाला होता. गुलाब देवापुढे, जिप्सो (ती बारीक पांढरी फुलं) तांब्यात आणि चकचकीत कागद घडी घालून कपाटात.

पंचवटीची लेक
कागद आमच्याकडेही कपाटातच जातो!

जानोरीकर
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे पिकवणारा. दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाऊसमधले गुलाब बऱ्याच जणांकडे आहेत, आमच्याकडेही. तुम्ही पाठवता त्या गुलाबाचा प्रवास सांगतो, म्हणजे मागताना काय मागायचं ते कळेल.

फूल पहाटे, ऊन चढायच्या आत काढतो. काढलं की लगेच पाण्याच्या बादलीत. मग दांडीच्या लांबीवर प्रतवारी, ४०, ५०, ६० सेंटीमीटर. २० फुलांचा बंच, कळ्यांभोवती पन्हळी कागद, आणि २ ते ४ अंशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. रात्री टेम्पो दादरला. गंमत अशी की नाशकात राहणारा माझा मेहुणा बायकोला मुंबईच्या साइटवरून गुलाब मागवतो. तो माल कसारा घाट दोनदा चढला-उतरलेला असू शकतो आणि आमचं शेत त्याच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे!

व्हॅलेंटाइनचा माल धरायचा तर आम्हाला डिसेंबरच्या उत्तरार्धातच कट घ्यावा लागतो. छाटणीपासून फूल हातात यायला साधारण ४५ ते ५० दिवस. निफाडकडे पारा घसरला की आमच्याकडेही कळी हटून बसते, मग हिशोब पुढे सरकतो. १४ तारखेला दुकानात भाव चढलेला असतो आणि फूल मात्र चार-पाच दिवस आधीच झाडावरून उतरलेलं असण्याची शक्यता जास्त. प्रेम १६ तारखेला व्यक्त केलंत तर ताजं आणि स्वस्त, दोन्ही मिळेल. बायकोला हे पटवून द्यायची जबाबदारी माझी नाही.

मागताना असं मागा: कळी घट्ट मिटलेली नको, पूर्ण उमललेलीही नको, बाहेरच्या एकदोन पाकळ्या सुटायला लागलेल्या हव्यात. अगदी बाहेरच्या पाकळ्या हिरवट, काळपट, जरा ओबडधोबड दिसतात. ते फूल खराब नाही, त्या पाकळ्या आतल्या फुलाचं रक्षण करतात, हाताने अलगद काढून टाका. घरी पोचल्यावर दांडी तिरकी कापायची, पाण्यात बुडणारी पानं काढायची, पाणी रोज बदलायचं. निळा गुलाब मागू नका. तो रंगवलेला असतो.

तिवंधा चौक
आमचं घर जुन्या नाशकात. पुण्याच्या भाच्याने मावशीसाठी पांढऱ्या फुलांचा गुच्छ पाठवला, तारीख न बघता. नेमकी रंगपंचमी. इथे धुळवडीला नाही, पंचमीला रंग असतो, आणि पेशवाईपासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. आमच्याच चौकात एक आहे, दुसऱ्या शनी चौकात, दिल्ली दरवाजात. दुपारनंतर गल्लीत गाडी सोडा, कोरडा माणूस शिरत नाही.

पोरगा बिचारा बुके शर्टाच्या आत धरून आला. फुलं केशरी, पोरगा केशरी, कार्डावर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता आलं नाही. मावशीने त्याला आधी रहाडीत पाठवलं, मग जेवायला बसवलं. तो दुकानदार आता आमच्या भागाची ऑर्डर घेताना आधी पंचांग बघतो.

ॲक्टिव्हावरचा
कॉलेजात असताना कॉलेज रोडच्या एका फुलांच्या दुकानात डिलिव्हरी करायचो. इथे बहुतेक पाठवणारे लिहितायत, म्हणून पोचवणाऱ्याचं लिहितो.

सगळ्यात त्रासदायक फूल जरबेरा. दांडी पोकळ, वारा लागला की मान टाकते. म्हणून दांडीला तार किंवा स्ट्रॉ लावतात. लावली नसेल तर मुंबई नाक्यापर्यंत पोचेतो गुच्छ लाजलेला असायचा. बास्केट असेल तर आत भिजवलेला हिरवा स्पंज असतो, तो इतका जड की गाडी एका बाजूला ओढते. मी पायापाशी बादली ठेवायचो, तिच्यात ओला कागद कोंबून मध्ये बुके. द्वारकेच्या चौकात एप्रिलच्या दुपारी अडकलो की आधी फुलांवर पाणी मारायचो, मग स्वतः प्यायचो.

सरप्राइज द्यायचं म्हणून लोक घेणाऱ्याचा नंबर देत नाहीत. मग गेटवर वॉचमन विचारणार कुणी पाठवलं, मला सांगायची परवानगी नाही, तो सोडणार नाही. शेजारच्यांचा तरी नंबर द्या हो. आणि "रात्री बारा वाजता" मागणाऱ्यांना विनंती, साठीच्या पुढच्या माणसांना नको. रात्री बारा वाजता बेल वाजली की त्या पिढीला पहिल्यांदा वाईट बातमीच सुचते. एका काकांनी साखळी लावून फटीतून विचारलेलं, "कोण गेलं?"

कार्डांची वेगळी तऱ्हा. दुकानातल्या प्रिंटरमधून मराठी मजकूर निघायचाच नाही, नुसते चौकोन चौकोन. मग मालक स्वतः लिहायचे, वळणदार अक्षर, आणि शुद्धलेखनही सुधारायचे. "आई तूझ्यावीना" आलं की "तुझ्याविना" होऊनच जायचं. पाठवणाऱ्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नसेल.

इंदिरानगरला एकदा माफीचा बुके घेऊन गेलो होतो. ताईंनी फुलं घेतली, वास घेतला, कार्ड वाचलं आणि कार्ड माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, "फुलं ठेवते. हे त्याला नेऊन दे, म्हणावं स्वतः येऊन बोल." मी मालकांना विचारलं, परतीच्या डिलिव्हरीचे पैसे कुणाकडून घ्यायचे. मालक पाच मिनिटं हसत होते.

शालिमार ते सातपूर
हॉस्पिटलमध्ये पाठवणार असाल तर आधी विचारा. अतिदक्षता विभागात फुलं घेत नाहीत, आणि साध्या खोलीतही पुष्कळ ठिकाणी परागकणांमुळे, पाण्याच्या भांड्यामुळे नको म्हणतात. आमचा बुके दोन दिवस रिसेप्शनच्या टेबलावर शोभा देत होता. घरी आल्यावर पाठवा, तेव्हाच माणसाला बघायला उसंत असते.

अटलांटिकपलीकडून
माझा अनुभव आनंदाच्या प्रसंगाचा नाही, चालेल ना?

गेल्या श्रावणात बाबा गेले. मी न्यू जर्सीला, व्हिसाच्या कागदांचा घोळ होता, दहाव्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. इथे कुणी गेलं की फ्युनरल होममध्ये लोक पांढरा बुके पाठवतात. तसाच घरी पाठवावा असं मनात आलं, पण भाऊ म्हणाला, बुके कुठे ठेवायचा, फोटोला हार लागेल. उन्हाळ्यात इथल्या आणि तिथल्या वेळेत साडेनऊ तासांचा फरक. रात्री दहाला मी पंचवटीतल्या एका फुलवाल्यांना फोन लावला, त्यांच्याकडे सकाळचे साडेसात, गिऱ्हाइकांचा गलबला ऐकू येत होता.

त्यांनी आधी विचारलं, "फोटो केवढा आहे? फ्रेमची उंची सांगा, नाहीतर हार खाली लोळतो." मग म्हणाले, "घाटावर विधीला एक लागेल आणि घरी एक, दोन्ही मी बघतो." मी सांगितलं की बाबा मोसमात रोज शर्टाच्या खिशात सोनचाफा ठेवायचे, तर हार चाफ्याचा करता येईल का. ते म्हणाले, "ताई, करून देईन, पण चाफा हारात दुपारपर्यंत काळा पडतो. आलेल्या माणसांसमोर बरं दिसत नाही. हार निशिगंधाचा करतो, चाफे वेगळे वाटीत पाण्यात घालून पाठवतो."

भावाने फोटो पाठवला. निशिगंधाचा हार बरोबर फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत आणि समोर वाटीत चाफे. त्यांनी पैसे हाराचेच घेतले. चाफ्याचे किती विचारलं तर म्हणाले, "तुमचे वडील माझ्याकडूनच न्यायचे." मला हे माहीतच नव्हतं.

पंचवटीची लेक
चालेल काय, लिहिलंत ते बरं केलंत.

गोदाकाठची सून
मी बुके पाठवणं बंद केलं आणि पुडी लावली. आत्या एकट्या राहतात, मेरी कॉलनीच्या बाजूला. वाढदिवसाला एकदाच एवढा खर्च करण्यापेक्षा ओळखीच्या फुलवाल्या मावशींना महिन्याचे पैसे पाठवते, त्या रोज सकाळी आत्यांच्या दाराला पुडी लावतात.

पहिला आठवडा आत्यांनी भांडण केलं. जास्वंद शिळी, दूर्वा तीनपानी नाहीत, बेल किडका. मावशी मला फोन करून म्हणाल्या, "तुमच्या आत्यांना देवापेक्षा जास्त दिसतं." मग दोघींचं आपसात ठरलं. मंगळवारी जास्वंद, सोमवारी बेल, गुरुवारी पिवळी शेवंती, एकादशीला तुळशीची मंजिरी. उन्हाळ्यात एक छोटा मोगऱ्याचा गजरा, ओल्या फडक्यात गुंडाळून, तो देवाला नाही, आत्यांना. भाद्रपद-अश्विनात मावशी अंगणातला प्राजक्त ओंजळभर टाकतात, त्याचे पैसे घेत नाहीत कारण "पडलेल्या फुलांचे पैसे कसले घ्यायचे". दसऱ्याला झेंडूचे भाव चढले की मात्र बिनधास्त जास्तीचे मागतात. मागू देत.

यात फोटो काढण्यासारखं काहीच नाही. पण आत्या आता फोनवर तब्येतीच्या आधी पुडीबद्दल बोलतात, आणि त्यांनी दार उशिरा उघडलं तर मला मावशींकडून त्याच सकाळी कळतं.

रोखठोक
विरोधी मत चालेल का? बुके दोन दिवसांत कचऱ्यात जातो, वर ते प्लास्टिक आणि स्पंज, जो कुजतच नाही. मी चिवडा आणि मोसमात द्राक्षांची पेटी पाठवतो. आजवर कुणी "केवढ्याला पडली" विचारलेलं नाही, सरळ खातात.

मिसळपाववाली
@रोखठोक, द्राक्षं सासूबाईंच्या फोटोला घालणार का?

रोखठोक
माघार.

देवळालीचा पाहुणा
प्रश्न विचारतो. भाऊ देवळाली कॅम्पला, लष्कराच्या वसाहतीत आहे. भाऊबिजेला त्याच्याकडे फुलं पाठवायची आहेत. गेटच्या आत डिलिव्हरी जाते का? आणि दिवाळीत दुकानं उघडी असतात का?

ॲक्टिव्हावरचा
आत सहसा सोडत नाहीत. भावाला आधी कळवा आणि गेटवर ठरलेल्या वेळी यायला सांगा, सरप्राइज विसरा. दिवाळीत दुकानं उघडी असतात, पण लक्ष्मीपूजनाच्या आणि पाडव्याच्या गर्दीत बुके बांधायला कुणाला वेळ नसतो. ऑर्डर धनत्रयोदशीच्या आधी नोंदवा. नाशिकरोडच्याच दुकानाला सांगा, कॉलेज रोडवरून पाठवलंत तर पोरगा पुन्हा द्वारकेला अडकणार. आणि जरबेरा नको.