नरक्याची साल केमोऐवजी दिली तर चालेल का? (मामांना आतड्याचा कॅन्सर)

कुडाळकर०७
नमस्कार मंडळी. मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय, ऑपरेशन झालं, आता केमो चालू करायचीय. दोडामार्ग साइडचा एक ओळखीचा माणूस म्हणतो केमोच्या भानगडीत पडूच नका, नरक्या म्हणून सह्याद्रीत झाड असतं त्याची साल उकळून अनशापोटी अर्धी वाटी द्या. नेटवर बघितलं तर नरक्यापासून खरंच कॅन्सरचं औषध बनतं म्हणे, म्हणजे तो अगदीच थापा मारत नाहीये. मामी साल घेऊनपण आली. डॉक्टरांना विचारू म्हटलं तर मामा नको म्हणतात, ओरडतील म्हणून. काय करू?

रसायनकाका
आधी साल बाजूला ठेव. नरक्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं कॅन्सरविरोधी द्रव्य असतं हे खरंय. ते पहिल्यांदा सापडलं एका चिनी झाडात, 1966 साली अमेरिकेत, आणि शोधणाऱ्या दोघांपैकी एक आपले मनसुख वाणी, नंदुरबारचा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकलेले (टॅक्सॉल हे कॅन्सरचं दुसरं औषधपण याच जोडीचं, पण शाळेत कुणी नाव सांगत नाही). नंतर तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं.
आता पुढचं नीट वाच. 1970 च्या आसपास ते पेशंटना देऊन बघितलं तर लघवीतून रक्त, जुलाब, पांढऱ्या पेशी खाली, शेवटी चाचण्या बंद कराव्या लागल्या. मग रेणूत फेरफार करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन आली, त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली 1996 ला. म्हणजे 30 वर्षं गेली. आणि इरिनोटेकॅन कशावर देतात माहितीये? मोठ्या आतड्याच्याच कॅन्सरवर. मामांना लागलंच तर तेच औषध मोजूनमापून सलाईनमधून मिळेल. शिवाय मूळ द्रव्य पाण्यात फारसं विरघळतच नाही, त्यामुळे काढ्यात किती उतरलं ते देवालाच ठाऊक.

निसर्गवेडा
सगळा कंपन्यांचा धंदा आहे. झाडातून घ्यायचं आणि आपल्यालाच हजारोंना विकायचं. नैसर्गिक गोष्टीला साइड इफेक्ट नसतात.

सिस्टर_पुणे
@निसर्गवेडा महाग आहे हे मान्य, पण साइड इफेक्टचं काही बोलू नका. कण्हेर नैसर्गिकच आहे, खाऊन बघा. दारातल्या सदाफुलीपासून विनक्रिस्टिन हे केमोचं औषध निघतं, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये त्याने खूप फरक पडला, पण एक ग्रॅमसाठी जवळजवळ अर्धा टन वाळलेली पानं लागतात आणि ते फक्त शिरेतूनच द्यायचं, चुकून मणक्यात गेलं तर माणूस जातो.
मी केमोच्या डे केअरला असते. इरिनोटेकॅनच्या आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) बघतो, उंची-वजनावरून डोस काढतो, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) वाढलेलं असेल तर डोस कमी करतात. सलाईन चालू असतानाच घाम आणि पोटात कळा सुरू झाल्या तर ते थांबवायला अॅट्रोपिन द्यावं लागतं, आणि घरी गेल्यावर जुलाब लागले तर काय करायचं ते गोळ्या हातात देऊनच समजावतो. एवढं सगळं केमोच्या डोसला, आणि तुम्ही अर्धी वाटी कशाने मोजणार? केमो चालू असताना गुपचूप काढा दिलात तर पांढऱ्या पेशी कशाने कमी झाल्या तेच डॉक्टरांना कळणार नाही. साल पिशवीत घालून ओपीडीत न्या आणि दाखवा. ओरडले तर ओरडले.

चंदगडचा_पांडू
नरक्याची आमच्याकडे चोरटी तोड चालते, झाडं कमी झालीत. पिशवीत नरक्याच आहे की दुसऱ्याच कशाची साल, हे वाळल्यावर आपल्याला कळणार नाही. आणि विकणाऱ्याला वनखात्याचं नाव काढून बघ, नंबर बंद करेल.

कुडाळकर०७
धन्यवाद सगळ्यांना, खरंच. मामीशी बोललो, थोडी रडारड झाली पण तयार आहे, मंगळवारी साल घेऊनच जातोय. सिस्टर एक विचारायचं होतं, तिने थोडी साल मिक्सरला लावली होती, तो मिक्सर वापरला तर चालेल का?

सिस्टर_पुणे
भांडं साबणाने दोन-तीनदा खसखसून धुवा, उरलेली पूड फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि मामांनी आधीच थोडी घेतली नाहीये ना, ते विचारा आधी.

कुडाळकर०७
विचारतो. मामी गप्प बसलीय.