टॅब्लेटला जोडायचा सोनोग्राफी प्रोब आणि त्यातली एआय: ऊसतोड तळावर नेता येईल का?

तासगाव_व्यवस्थापक
आमचं २० खाटांचं रुग्णालय आहे. सोनोग्राफीचं एक मशीन नोंदणीकृत आहे. आता हातात मावणारा, टॅब्लेटला जोडायचा प्रोब घ्यायचं चाललंय. आयसीयूत फुफ्फुसातलं पाणी आणि मूत्राशय किती भरलंय, एवढंच पाहायचं. त्यातली एआय बी-लाइन्स (फुफ्फुसात पाणी वगैरे असलं की सोनोग्राफीत दिसणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा) मोजते आणि चित्रं कंपनीच्या सर्व्हरवर जातात. गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या तळावर शिबिराला प्रोब न्यावा, असंही डॉक्टरांच्या मनात आहे. गर्भवतींची तपासणी करायचीच नाही, मग पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याचा) संबंध येतो का? विक्रेता म्हणतो, "हा स्टेथोस्कोपच समजा." करारात काय पाहावं?

एफ_फॉर्म_वाचक
विक्रेत्याचं ऐकू नका. गर्भलिंग ओळखण्याची क्षमता असलेलं कोणतंही सोनोग्राफी यंत्र कायद्यात येतं. तुम्ही ते कशासाठी वापरणार, याने फरक पडत नाही. केंद्र आधीच नोंदलेलं आहे, म्हणजे नियम १३ लागू: नवं यंत्र बसवण्याच्या किमान ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला (या कायद्याखाली नोंदणी देणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवायचं आणि प्रमाणपत्र नव्याने घ्यायचं. प्रोबचा अनुक्रमांक अर्जात हवाच, टॅब्लेटचाही लिहा. जुनं वापरलेलं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. नोंदणी नसलेल्याला यंत्र विकणंच नियम ३अ ने बंद आहे.

तळावर नेण्याचं उत्तर नियम ३ब मध्ये आहे. पोर्टेबल यंत्र दोनच ठिकाणी चालतं: नोंदणी ज्या जागेची तिथल्या दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकात. खिशात टाकून फडावर नेलं की यंत्र जप्त होऊ शकतं. शिबिराचा हेतू चांगला होता, हा बचाव तिथे टिकत नाही. म्हैसाळचं २०१७ चं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण या जिल्ह्यातलंच आहे, त्यामुळे इथे या बाबतीत ढिलाई नकोच.

तासगाव_व्यवस्थापक
आयसीयूत दम लागलेली गर्भवती आली आणि फक्त छाती पाहिली, तरी एफ फॉर्म (गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद ठेवायचा कायद्यातला नमुना) भरायचा?

एफ_फॉर्म_वाचक
भरा. कलम ४(३) गर्भवतीवर सोनोग्राफी करणाऱ्याने पूर्ण नोंद ठेवावी असं सांगतं. कोणता अवयव पाहिला यावर सूट दिलेली नाही. नोंदीतली त्रुटीसुद्धा, उलट सिद्ध होईपर्यंत, उल्लंघन मानली जाते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. नोंदी २ वर्षं जपा, खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत. मासिक अहवाल ५ तारखेपर्यंत. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. शिवाय आरोप निश्चित झाले की वैद्यक परिषद डॉक्टरची नोंदणी स्थगित करू शकते. खरा फटका तिथे बसतो.

बायोमेडिकल_मिरज
एआयच्या बाजूने पाहू. रोगनिदानाला मदत करणारं सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरण ठरतं. परदेशी बनावटीचं असेल तर सीडीएससीओचा (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचा) एमडी-१५ आयात परवाना, भारतीय असेल तर उपकरणाच्या जोखीम-वर्गानुसार एमडी-५ किंवा एमडी-९ उत्पादन परवाना मागा. नुसता कागद पाहून थांबू नका. परवान्यावर 'वापराचा उद्देश' काय लिहिलाय आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, हे तुमच्या टॅब्लेटवरच्या आवृत्तीशी ताडून पाहा. रात्रीतून आपोआप अपडेट होणारं ॲप इथेच दगा देतं: मंजुरी एका आवृत्तीला आणि निदान दुसरीच करते. स्वयंचलित अपडेट बंद ठेवा आणि प्रत्येक बदलाची लेखी सूचना करारात घाला.

एका बरगडी-फटीत ३ किंवा जास्त बी-लाइन्स म्हणजे फुफ्फुसात काहीतरी बिघाड आहे. तो हृदय कमजोर पडल्याचा, न्यूमोनियाचा की फायब्रोसिसचा (फुफ्फुस कडक होण्याचा), हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. म्हणून अहवालावर सही डॉक्टरची. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआय डॉक्टरला साहाय्य करू शकते. रुग्णाला सल्ला किंवा औषध स्वतःहून देऊ शकत नाही. एआयचं म्हणणं आणि डॉक्टरचं मत जुळलं नाही तर केसपेपरवर दोन्ही लिहा.

वकील_सांगली
चित्रं सर्व्हरवर गेली तरी जबाबदारी रुग्णालयाचीच. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात कंपनी फक्त प्रक्रियाकार (तुमच्या वतीने माहिती हाताळणारी) ठरते आणि तिच्याशी वैध करार असणं सक्तीचं आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेतच. वैद्यकीय नोंदी त्यात संवेदनशील माहिती म्हणून धरल्या आहेत.

करारात चित्रं किती दिवस ठेवणार, करार संपल्यावर कधी पुसणार, माहिती फुटली तर किती तासांत कळवणार, हे आकड्यांत लिहून घ्या. 'सेवा सुधारण्यासाठी' हे दोन शब्दांचं कलम दिसलं की थांबा. तुमच्या रुग्णांच्या चित्रांवर मॉडेल शिकवणं हे उपचारांपलीकडचं काम आहे. त्याला वेगळी संमती हवी, मराठीत, नकार दिल्यास उपचार अडणार नाहीत हे सांगणारी. संशोधन म्हणून करायचं असेल तर नोंदणीकृत नीतिशास्त्र समितीची मंजुरी आधी.

बायोमेडिकल_मिरज
वकिलांच्या मुद्द्याला एक जोड. नाव काढलं म्हणजे चित्र निनावी झालं, असं कंपनी सांगेल. डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा ठरलेला प्रकार) फाइलच्या शीर्षातलं नाव पुसलं तरी सोनोग्राफीच्या चित्रावरच नाव आणि वय छापलेलं असतं, ते तसंच राहतं. पाठवण्याआधी वरची पट्टी कापली जाते का, हे नमुना फाइल उघडून स्वतः पाहा. डॉक्टरांचा स्वतःचा फोन प्रोबला जोडू देऊ नका, कारण गॅलरीचा बॅकअप खासगी खात्यात जातो. रुग्णालयाचा एकच टॅब्लेट ठेवा, प्रोबसकट कुलपात. घेणाऱ्याची सही आणि वेळ वहीत.