महिला राष्ट्रप्रमुखांचा तक्ता: कोणाला मोजायचं, आणि ‘पहिली’ नेमकी कोण?

कालरेषा

१९०० पासून आजपर्यंत वेगवेगळ्या देशांत ज्या स्त्रिया राष्ट्रप्रमुख झाल्या, त्यांचा तक्ता करतेय. रकाने पाच आहेत: नाव, देश, पद, कधीपासून, कधीपर्यंत. साठेक नावं भरून झाली आणि काम अडलं.

‘जगातली पहिली’ म्हणून तीन नावं सापडतात: सिरिमावो बंदरनायके (सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, १९६०), इसाबेल पेरॉन (अर्जेंटिना, १९७४) आणि व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर (आइसलँड, १९८०). तिन्ही बरोबर कशी असतील? दोन-तीन दिवसच प्रभारी राहिलेल्यांना घ्यायचं का? स्वित्झर्लंडमध्ये दरवर्षी अध्यक्ष बदलतो, त्याचं काय करायचं? राण्या धरायच्या का? आणि तारीख मतदानाची लिहायची की शपथेची?

---

घटनापान

आधी राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख ही दोन पदं वेगळी करा, निम्मा गुंता तिथेच सुटेल. ओळखायची सोपी खूण अशी: परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रं सहसा ज्या व्यक्तीला किंवा तिच्या प्रतिनिधीला सादर करतात, ती व्यक्ती राष्ट्रप्रमुख. मंत्रिमंडळ जी चालवते आणि संसदेतलं बहुमत गेलं की जिला पायउतार व्हावं लागतं ती शासनप्रमुख. मेक्सिको, ब्राझील, फिलिपिन्स अशा अध्यक्षीय पद्धतीच्या देशांत दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे असतात. संसदीय देशांत ती सहसा वेगळी असतात.

सिरिमावो २१ जुलै १९६० ला पंतप्रधान झाल्या. जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान, यात वाद नाही. पण त्या वेळी सिलोन प्रजासत्ताक नव्हतं. तिथली राष्ट्रप्रमुख होती राणी एलिझाबेथ दुसरी. म्हणजे १९६० मध्ये सिलोनची राष्ट्रप्रमुख स्त्रीच होती, फक्त ती सिरिमावो नव्हे. श्रीलंका १९७२ मध्ये प्रजासत्ताक झाला आणि तिथल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष ठरल्या सिरिमावोंच्याच कन्या चंद्रिका कुमारतुंगा, नोव्हेंबर १९९४ मध्ये. लगेच आई पुन्हा पंतप्रधान झाली. मुलगी राष्ट्रप्रमुख आणि आई पंतप्रधान अशी जोडी २००० पर्यंत होती. तुमच्या तक्त्यात यातली फक्त मुलगी येते.

याच कसोटीवर इंदिरा गांधी, गोल्डा मेयर, मार्गारेट थॅचर, बेनझीर भुट्टो, खालिदा झिया, शेख हसीना, अँगेला मर्केल ही नावं गळतात. भारताच्या ओळी दोनच: प्रतिभा पाटील (२५ जुलै २००७ ते २५ जुलै २०१२) आणि द्रौपदी मुर्मू (२५ जुलै २०२२ पासून).

आता ‘पहिली’. हा शब्द एकटा कधीच लिहू नका, त्याला विशेषण जोडा.

इसाबेल पेरॉन या ‘राष्ट्राध्यक्ष’ हे नाव असलेल्या पदावरच्या पहिल्या. त्या १९७३ मध्ये उपाध्यक्ष म्हणून निवडून आल्या होत्या. पती हुआन पेरॉन आजारी पडल्यावर २९ जून १९७४ ला त्यांच्याकडे कार्यभार आला आणि १ जुलैला त्यांच्या मृत्यूनंतर पद आलं. २४ मार्च १९७६ च्या लष्करी उठावात त्यांना हटवलं. दोन स्रोतांत सुरुवातीची तारीख दोन दिवसांनी वेगळी दिसते ती यामुळे. तुम्ही १ जुलै धरा.

व्हिग्दिस या थेट लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झालेल्या पहिल्या. मतदान २९ जून १९८० ला, पदग्रहण १ ऑगस्टला. चार उमेदवार होते, बाकीचे तिन्ही पुरुष. साधारण एक तृतीयांश मतांवर त्या जिंकल्या, कारण आइसलँडमध्ये दुसरी फेरी नसते. पुढे सलग १६ वर्षं त्या पदावर होत्या. त्यांच्या कामगिरीची उंची कळण्यासाठी मी तक्त्यात मतदानाची पद्धतही नोंदवली असती.

पण या दोघींच्याही आधीची एक नोंद बहुतेक याद्यांत राहून जाते. सायबेरियाच्या दक्षिणेला तुवा नावाचं प्रजासत्ताक होतं. तिथल्या छोट्या खुरालच्या, म्हणजे विधिमंडळाच्या, अध्यक्षमंडळाच्या प्रमुख म्हणून खेर्तेक आन्चिमा १९४० ते १९४४ या काळात राष्ट्रप्रमुख होत्या. वंशपरंपरेने न आलेल्या आधुनिक काळातल्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख त्याच. त्यांच्यानंतर मंगोलियात सुखबातारिन यांजमा (१९५३-५४). या दोघींच्या पदाच्या नावात ‘राष्ट्राध्यक्ष’ हा शब्द नव्हता, म्हणून त्या शोधात सापडत नाहीत.

---

दुसरीबाजू

तुवाबद्दल एक आक्षेप. त्या देशाला सोव्हिएत संघ आणि मंगोलिया सोडून कोणी मान्यता दिली नव्हती, आणि १९४४ मध्ये तो सोव्हिएत संघात विलीन झाला. अशा देशाच्या प्रमुखाला ‘जगातली पहिली’ म्हणणं कितपत टिकतं?

---

घटनापान

आक्षेप रास्त आहे, पण त्यावर नाव वगळणं हा उपाय नाही. ‘मान्यता’ असा सहावा रकाना घाला. नाहीतर तोच न्याय पुढेही लावावा लागेल: तैवानच्या त्साइ इंग-वेन (२० मे २०१६ ते २० मे २०२४) किंवा कोसोव्होच्या आतिफेते याह्यागा आणि व्योसा ओस्मानी. तैवान आणि कोसोव्हो दोन्ही संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नाहीत. या तिघींना ठेवून आन्चिमांना काढणं हे विसंगत होईल. रकाना केला की वाचणाऱ्याला हवी ती गाळणी लावता येते.

---

नोंदवही

प्रभारींबद्दल. त्यांना घ्या, पण ‘पद कसं आलं’ हा रकाना केल्याशिवाय घेऊ नका. माझ्या मते पाच प्रकार पुरतात: थेट निवडणूक, संसदेकडून किंवा निर्वाचक मंडळाकडून निवड, घटनेनुसार उत्तराधिकार, प्रभारी किंवा हंगामी, आणि वारसा.

सर्वात जास्त चुका तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात होतात. राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू झाला आणि घटनेनुसार उपाध्यक्षाने उरलेली मुदत स्वतःच्या अधिकारात पूर्ण केली, तर तो पूर्ण राष्ट्राध्यक्ष असतो, प्रभारी नव्हे. मलावीच्या जॉयस बांडा (एप्रिल २०१२) आणि टांझानियाच्या सामिया सुलुहू हसन (१९ मार्च २०२१) या दोघी अशा आल्या. त्यांच्यापुढे ‘प्रभारी’ लिहिणं चूक आहे, आणि ती चूक बातम्यांत नेहमी दिसते.

खऱ्या प्रभारी किंवा हंगामी म्हणजे:
– बोलिव्हियाच्या लिदिया गेलेर, नोव्हेंबर १९७९ ते जुलै १९८०. उठावात हटवल्या गेल्या.
– गिनी-बिसाऊच्या कार्मेन परेरा, १४ ते १६ मे १९८४. जेमतेम तीन दिवस, पण आफ्रिकेतल्या प्रजासत्ताकात हे पद सांभाळणाऱ्या पहिल्या.
– हैतीच्या एर्था पास्कल-त्रुयो, मार्च १९९० ते फेब्रुवारी १९९१. त्याआधी त्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या.
– इक्वेडोरच्या रोसालिया आर्तेआगा, फेब्रुवारी १९९७ मधले मोजके दिवस.
– गॅबनच्या रोझ फ्रान्सीन रोगोम्बे, जून ते ऑक्टोबर २००९.

पूर्व जर्मनीच्या झाबिने बेर्गमन-पोल हमखास सुटतात. एप्रिल १९९० मध्ये तिथलं राज्यमंडळ, म्हणजे सामूहिक राष्ट्रप्रमुख असलेलं मंडळ, रद्द झालं आणि संसदेच्या अध्यक्षाकडेच राष्ट्रप्रमुखाची कामं आली. २ ऑक्टोबर १९९० ही त्यांची शेवटची तारीख, कारण दुसऱ्या दिवशी तो देशच उरला नाही.

बुरुंडीच्या सिल्व्ही किनिगी यांच्यापुढे शेरा लिहा. ऑक्टोबर १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्षांची हत्या झाल्यावर त्यांनी पंतप्रधान म्हणूनच देशाचा कारभार सांभाळला. म्हणून काही याद्यांत त्या असतात, काहींत नसतात.

तारखेचं उत्तर सरळ आहे: पदग्रहणाची तारीख. मतदानाची धरली तर कधी कधी वर्षच बदलतं. नामिबियाच्या नेटुम्बो नांदी-नदैत्वा यांची निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, पदग्रहण मात्र २१ मार्च २०२५ ला झालं. मेक्सिकोच्या क्लाउडिया शाइनबाउम जून २०२४ मध्ये निवडून आल्या, पदावर १ ऑक्टोबरला आल्या.

दोन सलग मुदती असतील तर एकच ओळ. मध्ये खंड असेल तर दोन ओळी: चिलीच्या मिशेल बाचेलेत (२००६-१० आणि २०१४-१८) आणि मार्शल बेटांच्या हिल्डा हायने (२०१६-२० आणि २०२४ पासून). मात्र दोन ओळी झाल्या तरी व्यक्ती एकच मोजायची. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक द्या आणि बेरीज ओळींची न करता क्रमांकांची करा.

---

सातपैकीएक

स्वित्झर्लंडचा प्रश्न राहिलाय. तिथे सात जणांचं संघीय मंडळ मिळून राष्ट्रप्रमुख असतं. अध्यक्ष वर्षभरासाठी बैठका चालवतो, समारंभात देशाचं प्रतिनिधित्व करतो. बाकी अधिकार इतर सहा जणांइतकेच. म्हणून कडक कसोटी लावली तर एकही अध्यक्ष एकटा राष्ट्रप्रमुख ठरत नाही, आणि मंडळातल्या सगळ्याच स्त्रिया राष्ट्रप्रमुखपदाच्या भागीदार ठरतात. बहुतेक याद्या मधला मार्ग घेतात: अध्यक्षाला मोजतात आणि ‘सामूहिक’ असा शेरा देतात.

तसं केलंत तर १९९९ च्या रूथ द्राइफुस पहिल्या. २०२५ पर्यंत अध्यक्षपदाची दहा वर्षं स्त्रियांकडे होती, पण व्यक्ती सातच: मिशेलिन काल्मी-रे, डोरिस लॉयटहार्ड आणि सिमोनेटा सोमारुगा यांच्याकडे पद दोनदा आलं. १९७१ पर्यंत जिथे स्त्रियांना संघीय निवडणुकीत मतही नव्हतं, त्या देशासाठी हा आकडा बोलका आहे.

सॅन मरिनोला मात्र वेगळा तक्ता करा असं मी म्हणेन. तिथे एका वेळी दोन कॅप्टन-रीजंट, म्हणजे संयुक्त राष्ट्रप्रमुख, असतात आणि दर १ एप्रिल व १ ऑक्टोबरला जोडी बदलते. पहिल्या मारिया लेआ पेदिनी-अँजेलिनी, १ एप्रिल १९८१. एप्रिल ते ऑक्टोबर २०१७ मध्ये तर दोन्ही पदांवर स्त्रिया होत्या. या एका चिमुकल्या देशातूनच डझनावर नावं येतात. ती मुख्य तक्त्यात मिसळली की युरोपचा आकडा फुगतो आणि तुलना बिघडते.

---

कालरेषा

खूपच उपयोगी. ‘मान्यता’ आणि ‘पद कसं आलं’ हे दोन रकाने घातले. राण्या आणि गव्हर्नर-जनरल राहिले. बार्बाडोसच्या सँड्रा मेसन यांच्या दोन वेगळ्या तारखा मिळतायत, त्यातली कोणती धरू?

---

घटनापान

मेसन यांची ३० नोव्हेंबर २०२१ धरा. त्याआधी २०१८ पासून त्या गव्हर्नर-जनरल होत्या, म्हणजे राणीच्या प्रतिनिधी. प्रतिनिधी हा राष्ट्रप्रमुख नसतो. त्या दिवशी बार्बाडोस प्रजासत्ताक झाला, एलिझाबेथ यांचं पद संपलं आणि मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. पंतप्रधान मिया मॉटली आधीपासून होत्याच. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, बेलीझ इथल्या महिला गव्हर्नर-जनरल याच नियमाने बाहेर राहतात.

राण्या राष्ट्रप्रमुखच आहेत, त्या वगळल्या तर शीर्षकात तसं लिहायला हवं. घ्यायच्या असतील तर एलिझाबेथ यांची एक व्यक्ती आणि अनेक देश अशी नोंद करा. २०२२ मध्ये मृत्यूसमयी त्या १५ देशांच्या राणी होत्या. नेदरलँड्समध्ये विल्हेल्मिना, युलियाना, बेआट्रिक्स अशा तीन राण्या १८९० ते २०१३ सलग होत्या, मात्र विल्हेल्मिना लहान असल्याने १८९८ पर्यंत त्यांची आई एम्मा राज्यपालक होती. राज्यपालक हा वेगळा प्रकार ठेवा. स्वाझिलँडच्या न्तफोम्बी (१९८३-८६) त्यातच येतील. इथिओपियाची सम्राज्ञी झौदितू (१९१६-३०) सुटू देऊ नका.

---

नोंदवही

आयर्लंडच्या ओळी तपासून घ्या. मेरी रॉबिन्सन ३ डिसेंबर १९९० ते १२ सप्टेंबर १९९७, मेरी मॅकअलीस ११ नोव्हेंबर १९९७ ते १० नोव्हेंबर २०११. निवडून आलेल्या स्त्रीनंतर निवडून आलेली स्त्रीच आली, अशी ही पहिली वेळ. पण मधले दोन महिने रिकामे दिसतात म्हणून ते जोडून टाकू नका: रॉबिन्सन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तपदासाठी मुदतीआधी राजीनामा दिला आणि त्या काळात घटनेनुसार तीन सदस्यांच्या आयोगाने काम पाहिलं. तिसरी ओळ कॅथरिन कॉनोली, ११ नोव्हेंबर २०२५ पासून.

मानद पदं काढा. चीनच्या सूंग चिंग-लिंग यांना मे १९८१ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी मानद राष्ट्राध्यक्षपद दिलं होतं. ते राष्ट्रप्रमुखपद नव्हे.

आणि नावं लावताना: आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं, सहसा वडिलांच्या नावावरून ओळख असते. ‘फिनबोगादोत्तिर’ म्हणजे फिनबोगीची मुलगी. म्हणून त्यांना ‘व्हिग्दिस’खाली आणि २०२४ पासूनच्या राष्ट्राध्यक्षांना ‘हाल्ला’खाली लावा. आन्चिमा काही ठिकाणी पतीच्या नावासह ‘आन्चिमा-तोका’ म्हणून येतात. एकाच बाईंच्या दोन ओळी होतात त्या इथेच.